नाकाची शिकवणी

साबणाच्या कारखान्यात मी वास तपासायची. प्रत्येक घाण्यातला एक तुकडा माझ्या टेबलावर यायचा. मी हुंगून होकार दिला की माल पुढे जायचा. दोन तुकड्यांच्या मध्ये नाक ताजं करायला बाकीचे स्वतःची बाही हुंगतात. मी नवऱ्याचा जुना शर्ट हुंगायची. तो सुतार आहे. लाकडाचा भुसा, सरस आणि थोडा घाम. त्यावरून माझी भरपूर थट्टा व्हायची, पण मी कधी मनावर घेतली नाही.

मग ओल्या फरशीवर पाय घसरला आणि डोक्याचा मागचा भाग आपटला. जखम भरली, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, "येईल, किंवा नाहीही येणार." साहेबांनी मला पॅकिंगला बसवलं. त्याचं वाईट वाटलंच. पण शर्ट नाकाशी धरला आणि नुसतं कापड लागलं, तेव्हा मी ढसाढसा रडले.

नवऱ्याने मात्र चंग बांधला. रोज कामावरून आला की माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून शिकवणी घ्यायचा. लवंग, कॉफी, रॉकेल. एकदा तर स्वतःचा मोजा.

"ओळख."

"काहीच येत नाहीये रे."

"हा मोजासुद्धा नाही? मग दुखणं गंभीर आहे बाई."

एका संध्याकाळी भुशाचा वास आला. पुसट, पण त्याचाच.

"तू! तुझा वास येतोय!" मी हात पसरून धावले, ती भिंतीवर आदळले.

"अगं, मी इकडे खिडकीपाशी आहे!" तो हसून लोटपोट. "दिशा चुकली, पण पास."

आनंदाने त्याने मला उचलून गरकन फिरवलं. मी त्याच्या गळ्याशी नाक खुपसलं. तिथे कसलाच वास नव्हता. त्याचा हिरमोड करणं जिवावर आलं, म्हणून फक्त डॉक्टरांना सांगितलं.

"सुरुवातीला मेंदूचा गोंधळ होतो," डॉक्टर म्हणाले. मलाही ते पटलं. पण दुसरा कुठलाच वास परतला नाही. हा एकच यायचा. आधी दाराशी, मग ओट्याजवळ, माझ्या पाठीमागे. नवरा तेव्हा कामावर असायचा. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. बरं वाटायचं.

काल पुन्हा शिकवणी. रुमाल बांधून नवरा टेबलापलीकडे बसला. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

लवंग आली नाही. भुसा आला, सरस आला. डाव्या खांद्याशी, अगदी जवळ.

मी मान कलती केली.

डोकं टेकलं.

खरखरीत कापड. गालाला भुसा टोचला. आत छाती संथ वरखाली होत होती.

"अगं," टेबलापलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "अशी मान वाकडी करून का बसलीयस?"

माझ्या केसांवरून हात फिरत होता.