अकरावा भाग

आमच्या गावाला रस्ता नाही. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल चालत चार दिवसांवर आहे आणि विमानाने पंचवीस मिनिटांवर. म्हणून गावाची सगळ्यात जास्त मेहनत गवतावर होते. धावपट्टीचे तेवीस भाग पाडले आहेत, घरटी एक. ज्याने त्याने आपला भाग सरीपने कापायचा. सरीप म्हणजे टोकाशी वाकवलेलं लांब पातं. गवत घोट्याच्या वर गेलं की वैमानिक एक घिरटी घालतो आणि परत जातो.

पट्टीचा कारभार माझ्याकडे आहे. हातातला रेडिओ माझ्याकडेच असतो. पन्नाशी उलटल्यावर माझ्या मुलीने, डेल्माने, मला अक्षरं शिकवली, रताळ्याच्या वाफ्यात काठीने गिरवून. तेव्हापासून विमान कधी आलं, उतरलं नाही तर का नाही, हे मी वहीत लिहितो.

मागच्या कोरड्या दिवसांत माझ्या भाच्याची, यासमची बायको वनेपा बाळंतपणात अडली. विमान आलं. घिरटी घातली. मी रेडिओ कानाला लावला.

"केमो, अकरावा भाग," वैमानिक म्हणाला. "गुडघ्याएवढं गवत आहे. नाही उतरता येणार."

अकरावा भाग माझा. त्याआधीचे दोन आठवडे मी रानात डुकराच्या मागावर होतो.

यासम धावत आला. "काय म्हणाला, मामा?"

"ढग," मी म्हणालो. वहीतही तेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत वनेपा गेली, पोटातलं मूलही गेलं.

मेलेल्याच्या भागाला पातं लावायचं नाही, ही आमची रीत. घरधनी दुखवट्याची दाढी उतरवतो, डुक्कर मारतो, मगच ते गवत कापतात. यासमने दाढी उतरवली नाही. त्यांचा भाग बारावा, माझ्या शेजारचा. पाच महिन्यांत तो छातीएवढा वाढला आणि पट्टी मधोमध तुटली. विमान बंद झालं. मीठ संपलं, साबण संपला, नासनच्या औषधांच्या पेटीत नुसती कापसाची गुंडाळी उरली. नासन आमचा औषधवाला, त्याची जीभ सैल. "यासमच्या दाढीत आणि त्या गवतात, दोन्हीकडे उंदरांनी घरं केलीत," तो म्हणायचा. पण यासमच्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं. मी तर नाहीच.

मग डेल्माला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा दूर किनाऱ्यावर कामाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी नासन बाहेर आला. तो थट्टा करत नव्हता.

"म्हातारबा, मूल आडवं आहे. माझ्या हातात काही नाही. विमान बोलवा."

रेडिओवर उत्तर आलं: उद्या दुपारी येतो, पट्टी साफ असेल तर.

यासम ओढ्याकाठी साबुदाण्याच्या झाडाचा गर धूत होता. मी उभा राहिलो तरी त्याने वर पाहिलं नाही.

"कशाला आलात ते ठाऊक आहे मला, मामा."

"पोरगी मरेल रे."

"मरतात पोरी." त्याने गर पिळला. पांढरं पाणी खालच्या पन्हळीत उतरलं. "आज आभाळ कसं आहे?"

"मोकळं आहे."

"त्या दिवशीही मला मोकळंच दिसलं होतं."

त्याने दुसरी मूठ घेतली.

"कापा. पण एकट्याने कापा. आणि आधी तिला विचारा."

उजाडताच मी आधी माझा अकरावा भाग मातीला लागेपर्यंत खरवडला. मग बाराव्याच्या कडेला उभा राहिलो. "वने," मी म्हणालो, "डेल्मासाठी कापतोय." वारा नव्हता. पहिला फटका मारला.

तासाभराने दम लागला म्हणून थांबलो. सरीपचा आवाज थांबला नाही.

तो पलीकडच्या टोकाकडून येत होता. सूं, आणि थोडं थांबून पुन्हा सूं. मी हाक मारली, "यासम?" आवाज तसाच चालू राहिला. मी पुन्हा कापायला लागलो, कारण दुसरं काय करणार? आमचे फटके एकमेकांत मिसळत जवळ येत गेले. कापल्या गवताचा ओला वास दोन्हीकडून येत होता. एकट्या माणसाचं दोन दिवसांचं काम सूर्य डोक्यावर यायच्या आत संपत आलं.

शेवटी मधे हातभर रुंद गवत उरलं. मी ते पाडलं.

पलीकडे कोणी नव्हतं.

तिकडचा अर्धा भाग कापलेला होता. पण जागोजाग चार-चार काड्या उभ्या होत्या, प्रत्येक फटक्याला चार. वनेपाच्या सरीपला मधोमध खाच होती. "तुझ्या सरीपचे दात पडलेत, वने," असं आम्ही तिला चिडवायचो. ती सरीप आम्ही तिच्यासोबतच पुरली होती.

मी त्या काड्या हाताने उपटल्या. विमान उतरलं. चौघांनी डेल्माला झोळीतून चढवलं. संध्याकाळी रेडिओवर निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी खाली बसून रडलो. दोन दिवसांनी यासमने दाढी उतरवली आणि डुक्कर मारलं. मांसाचा पहिला तुकडा त्याने मला दिला.

तीन आठवड्यांनी विमान डेल्माला आणि बाळाला घेऊन परत आलं. सगळा गाव पट्टीच्या कडेला उभा होता. विमानाने घिरटी घातली.

"केमो," रेडिओत आवाज आला, "अकरावा भाग. गुडघ्याएवढं गवत आहे."

मी त्याच सकाळी तो कापला होता. धावत जाऊन मधोमध उभा राहिलो, अनवाणी. तळव्यांना माती लागत होती.

विमान परत गेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आलं आणि पुन्हा गेलं.

काल तिसऱ्यांदा आलं.

"बघा की, माझ्या टकलासारखा चकचकीत केलाय भाग," नासन वर बघत ओरडला. "आणखी काय चाटून हवाय त्याला?" लोक हसले. मी भागाच्या मधोमध उभा होतो, रेडिओ कानाला लावून. त्यात वैमानिकाच्या मागे बाळ रडताना ऐकू येत होतं.

"केमो, गवत तसंच आहे," तो म्हणाला. "आणि त्या बाईला बाजूला व्हायला सांग. तुझ्या शेजारी उभी आहे ती."

मी शेजारी पाहिलं नाही.

विमान वळलं. आवाज डोंगरामागे गेला. हसणं थांबलं होतं.

यासम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दाढी काढलेला त्याचा चेहरा लहान दिसत होता.

"काय म्हणाला, मामा?"

त्याचा आवाज मऊ होता. तो थांबला. मी सांगेन म्हणून त्याने खूप वेळ वाट पाहिली. आभाळात एक चिंधीसुद्धा नव्हती.

"ढग," मी म्हणालो.

यासमने मान हलवली आणि तो घराकडे चालू लागला.

मी पायाशी ठेवलेली वही उचलायला खाली वाकलो. गवताची टोकं माझ्या गुडघ्यांना टोचत होती.