भात्याचा श्वास

टेकडीखालच्या लोखंडाच्या भट्टीचा भाता थांबला, आणि पाळण्यात ॲबीची छातीही हलायची थांबली...

थर्झाने तिला झडप घालून उचललं. भात्याने पुन्हा दीर्घ उसासा टाकला, तेव्हा कुठे बाळानेही टाकला! जन्मल्यापासून हे असंच होतं. वितळलेल्या लोखंडाचा रस ओतण्यापुरता भाता थांबे, तेवढ्यात ॲबी निळी पडे. थर्झाने नवऱ्याला, भट्टीचा मालक जोसायाला, कितीदा सांगितलं. तो हसून विषय बदली, आणि नणंद डॉर्कस म्हणे, बाळंतिणीच्या डोक्यात असलं काहीबाही येतंच.

त्यात या उन्हाळ्यात ओढा आटला. भाता चालायचा तो पाण्याच्या चाकावर. भट्टी विझवायचा हुकूम देऊन जोसाया नवी टोपी घालून राजधानीला, हॅरिसबर्गला निघाला. राज्याच्या सिनेटची उमेदवारी त्याला त्याच संध्याकाळी मिळायची होती.

गाडी हलली आणि शेवटच्या धारेवर फिरणारं चाकही अडलं, तशी थर्झाने ॲबीला नणंदेच्या हातात दिलं, झगा खोचला आणि ती अडलेल्या चाकावर चढली. फळीमागून फळी तुडवत, जिना चढावा तशी ती चालू लागली. चाक कुरकुरलं... भाता उसासला. मालकाच्या हुकमाविरुद्ध हात कोण लावणार? कामगार बघत राहिले.

"उतर गं, लोक हसतायत," डॉर्कस म्हणाली.

"हसू देत, वन्सं. तुम्ही बाळाकडे बघा."

तेवढ्यात तिचा पाय निसटला. चाक थांबलं. डॉर्कसने हातातल्या बाळाकडे पाहिलं, आणि तिची किंकाळी पुलापर्यंत गेलेल्या गाडीत ऐकू आली.

जोसाया धावत आला. बहिणीच्या हातातलं निळं बाळ त्याने पाहिलं, थर्झाचे रक्ताळलेले पाय पाहिले, आणि तो चाकावर चढला. ऊन कललं, हॅरिसबर्गच्या सभेची वेळ टळली, तरी तो चालतच होता... शेवटी कोसळला. चाक थांबलं.

ॲबीचा श्वास मात्र सुरूच होता!

थर्झाने तिला त्याच्या धपापत्या छातीवर ठेवलं. बाळही धपापत होतं, अगदी त्याच लयीत. जोसायाने भीतभीत क्षणभर श्वास रोखला. छातीवरचा तो इवलासा जीव निश्चल झाला.

"अहो, श्वास घ्या," थर्झा पुटपुटली.

त्याने घेतला. ॲबीनेही घेतला.

"तू खरं सांगत होतीस," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

त्यानंतर ती नवी टोपी खुंटीवरच राहिली. आणि जोसायाला साधा खोकला जरी आला, तरी थर्झा आधी पाळण्याकडे बघे.