सोवळ्यातला मोडेम

"गेलं! परत गेलं!" अवनी किंचाळली आणि खुर्चीतून अर्धी उठलीच.

तिच्या खांद्यावरून वाकून बघणाऱ्या मधुराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाबांचं वाक्य अर्धवट लोंबत होतं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. 'घाबरू नका. मी हॉस्पिटलमधून', बस्स! पुढे काही नाही. नव्याकोऱ्या मोडेमचे दिवे एकेक करून विझले.

"हॉस्पिटल?" आईच्या हातातला कप बशीत खडखडला. "अवनी, पुन्हा लाव! लवकर!"

अवनीनं पुन्हा लावलं. मोडेम घुरघुरला, कींकीं करून रडला आणि गप्प बसला. आणखी एकदा लावलं. पुन्हा तेच! आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती पायांत चपला अडकवत म्हणाली, "मी मंगला गौरीच्या देवळापाशी फोनबूथवर जाते. बाबांच्या घरमालकिणीला फोन लागतो का बघते." आणि ती गेलीसुद्धा.

बाबा वर्षभरासाठी जर्मनीत संस्कृत शिकवायला गेले होते. रोज आपल्या सकाळी, म्हणजे तिथल्या पहाटे, ते कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि इकडे काशीत, ब्रह्मा घाटावरच्या घरात, अवनी आणि आई बसायच्या. टाइप करून गप्पा व्हायच्या. जुना मोडेम कासवाच्या चालीनं चालायचा, पण चालायचा तरी! मग बँकेत नोकरी करणाऱ्या शरदकाकांनी मोठ्या थाटात हा नवा आणला. "विमान आहे, विमान!" असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर वरच्या गार खोलीत हलवला आणि घराच्या मधल्या चौकावरून फोनची नवी तार स्वतःच्या हातांनी ओढली. तेव्हापासून या विमानानं रोज सकाळी जमिनीवर नाक घासलं होतं! दुपारी मात्र ते सुरळीत उडायचं. लाइनमन आला तोही दुपारी. "लाइन एकदम चकाचक है," असं सांगून तो पान चघळत निघून गेला.

"मोडेमच खोटा निघाला," शरदकाका आता दारात येऊन म्हणाले. "नाहीतर तुम्ही पोरांनी त्यात कसले तरी खेळ घातलेत! आत्ताच्या आत्ता दुकानात नेऊन बदलून आणतो. याचा खोका कुठंय?"

खोका मधुराच्या पायाशीच होता. सुट्टीसाठी पुण्याहून आलेली ही अवनीची मावसबहीण भारी हुशार. तिनं टाचेनं हळूच तो पलंगाखाली सरकवला आणि साळसूदपणे म्हणाली, "खाली माजघरात असेल, काका." काका तरातरा खाली गेले.

"थापाडी!" अवनी कुजबुजली.

"अगं, मोडेम गेला तर बाबांशी बोलणार कशी? दुपारी चालतो म्हणजे तो शहाणाच आहे! सकाळी काय वेगळं असतं, ते शोध."

अवनीनं टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर कानाला लावला. "ई गं! केवढी खरखर!"

"काय झालं? कोण ओरडलं?" देवव्रत धापा टाकत आला. खालच्या मजल्यावरच्या बिंदुमाधव अण्णांचा हा नातू. माकडामागे धावताना जिन्यावरून घरंगळल्यामुळे त्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. अवनीनं सगळं सांगितलं. हॉस्पिटलचं नाव ऐकताच त्याचे डोळे विस्फारले. "धत्! चाचाजी हॉस्पिटलमें? आता काय करायचं?"

"आधी ऐकू दे," असं म्हणत अवनीनं रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. "आता कमी आहे... आता... बाप रे! केवढ्यानं खर्र झालं!"

गॅलरीत उभा असलेला देवव्रत चमकला. "हवा आली, म्हणून?"

"हवेचा काय संबंध?"

"अरे यार, हवा आली, अण्णांचं धोतर फडफडलं आणि तू ओरडलीस! फिर बोल, कधी होतं ते."

"आता!"

"फडफडलं!"

"आता!"

"परत फडफडलं!"

तिघंही कठड्याला लोंबकळले. चौकावरून जाणाऱ्या शरदकाकांच्या तारेवर अण्णांचं ओलं धोतर ऐटीत वाळत होतं! त्याचं टोक जिथे येत होतं, तिथेच तारेला जोड होता. दोन तारा नुसत्या पीळ देऊन गुंडाळलेल्या, आणि वर चिकटपट्टीची सुटलेली शेपटी. धोतरातून थेंब ओघळत त्या जोडावर येत होते.

"सोवळ्याचं आहे ते," देवव्रत डोक्याला हात लावून म्हणाला. "अण्णा पहाटे गंगेवर नहाऊन येतात, धोतर धुऊन उंच वळणीवर वाळत घालतात. दुसऱ्या दिवशी पूजेला तेच. वळणीचा बांबू माकडांनी मोडला, त्यांच्याच मागे तर मी धावलो होतो ना! दुसऱ्या दिवशी अण्णा खूश. म्हणाले, बघ, देवानंच उंच दोरी बांधून दिली, कुणाचा हात लागायचा नाही!"

"दोरी!" मधुरानं कपाळावर हात मारला. "म्हणजे सकाळी धोतर ओलं, तार ओली, मोडेम मुका. आणि दुपारी सगळं कोरडं ठणठणीत!"

"अण्णांना सांगू या," अवनी जिन्याकडे धावली.

"थांब! अनुष्ठान चालू आहे त्यांचं. दुपारपर्यंत मौन, आसनावरून उठत नाहीत. आणि मी पारोसा, अंघोळ करायची तर हे प्लॅस्टर. धोतराला हात लावला तर ते ओवळं होणार."

"मग ओढून काढायचं आणि परत घालायचं!" मधुरा म्हणाली. "कोण बघतंय?"

"मधुरा!" अवनीला धक्काच बसला. तिनं मान हलवली. अण्णांना कधीच कळलं नसतं, हे खरं. पण उद्या तेच धोतर नेसून ते भोळेपणानं देवापुढे बसले असते. त्या विचारानंच तिला कसंतरी झालं. आणि दुपारपर्यंत थांबायचं, तर बाबा तिथे कॉम्प्युटरपाशी असतील का? हॉस्पिटलमध्ये त्यांना काय झालं असेल? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यावरूनच तिला सुचलं!

"देवव्रत, ओलेती माणसं सोवळ्यात असतात ना? एखादी मुलगी अंघोळ करून तशीच ओल्यानं आली तर? तिला कुणी शिवलं नाही तर?"

"हो, पण..." त्याला बोलू न देता अवनी जिना उतरून दाराबाहेर पळाली होती!

गल्ली, वळण, आणि घाटाच्या पायऱ्या! पोहायला तिला बाबांनीच शिकवलं होतं. फ्रॉकसकट तिनं गंगेत धाडदिशी उडी ठोकली.

"अरे बचिया! का भयल?" छत्रीखालचे पंडे ताडकन उभे राहिले.

"कुछ नहीं, चाचा! छूना मत!" डुबकी मारून ती निथळत वर निघाली.

येताना मात्र गल्लीच वैरीण झाली. एक गाय आडवी उभी होती. अवनी भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून सरकली. पुढे एक भाजीवाला, त्याच्यापुढे सायकल! "बाजू! बाजू! सोवळ्यात आहे मी!" असा तिचा ओरडा ऐकून सारी गल्ली थक्क होऊन भिंतीला चिकटली. दारातच शरदकाका खोका शोधून वैतागलेले उभे होते.

"अवनी! हे काय ध्यान? गंगेत पडलीस?" ते हात पुढे करून धावले.

"शिवू नका!"

काकांचे हात हवेतच राहिले. तेवढ्यात मधुरा जिना उतरून मधे घुसली. "काका, तिला नका, आधी तारेचा जोड बघा! कुणी दिलाय तो?"

काका वर बघू लागले. बघताबघता त्यांचे कान लाल झाले. "मी... म्हणजे, घाईत होतो जरा..."

चौकाच्या कोपऱ्यात अण्णांची सोवळ्याची काठी होती. अवनीनं ती उचलली आणि धोतर अलगद तारेवरून उतरवलं. पण ठेवायचं कुठे? कठडा ओवळा, खांब ओवळा, सगळंच ओवळं! मग तिनं काठी तशीच उंच धरली आणि ती चौकाच्या मधोमध उभी राहिली. काका गॅलरीत गेले, त्यांच्यामागून मधुराही वर पळाली. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं जोड खसाखसा पुसला, पीळ घट्ट केला आणि चिकटपट्टी नीट गुंडाळली.

"लाव, मधुरा!" अवनी खालून ओरडली. वर जाऊन बघायला तिचा जीव तडफडत होता, पण तिला हलता येत नव्हतं.

मोडेम घुरघुरला, त्यानं कींकीं केलं... आणि रडला नाही!

"लागलं!" देवव्रत गॅलरीत नाचला. "चाचाजी आहेत! वाट बघतायत!"

"वाच ना गं! काय झालंय बाबांना?" अवनीनं ओरडून विचारलं. त्याच क्षणी आई दारातून आत आली. घरमालकिणीचा फोन कुणी उचललाच नव्हता. वर मधुरा वाचत होती ते ऐकून ती जागीच थांबली.

"'मी हॉस्पिटलमधून आत्ताच परतलोय. माझा शेजारी जिन्यावरून पडला, पाय मोडला. रात्रभर त्याच्याजवळ होतो. मी अगदी ठणठणीत. तुम्ही कुठे गायब झालात? आता मीच घाबरलोय!'"

आईनं भिंतीचा आधार घेतला. अवनी हसायला लागली आणि हसताहसता हमसून रडू लागली. आई हात पसरून तिच्याकडे धावली.

"शिवू नकोस, आई!" अवनी मागे सरकली. "अण्णांचं धोतर आहे!"

आई हातभर अंतरावर थबकली. दोघी समोरासमोर उभ्या राहून रडत होत्या आणि मधे धोतर टपटप गळत होतं.

देवघरात घंटा वाजली. अनुष्ठान आज लवकर आटोपून अण्णा बाहेर आले. अनुष्ठान संपेपर्यंत बोलायचं नव्हतं त्यांना, पण कान काही मौनात नव्हते. सगळी हकिगत ऐकली होती त्यांनी. तारेकडे, काठीकडे आणि मग अवनीच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं.

"म्हणजे देवाची दोरी म्हणत मीच तुझ्या बापाचं बोलणं अडवत होतो की गं!" ते म्हणाले. "गुपचूप ओढून टाकलं असतंस तर मला कळलंही नसतं."

"तुमचं उद्या काय झालं असतं, अण्णा?"

अण्णांनी काठी हातात घेतली. जेवण होईपर्यंत ते कुणाला शिवत नसत. नमस्कारसुद्धा लांबूनच घेत. देवव्रतला, सख्ख्या नातवाला, कधी पाठीवर थाप मिळाली नव्हती सकाळच्या वेळी. आणि आज त्यांनी सरळ हात पुढे करून अवनीच्या ओल्या डोक्यावर ठेवला.

"अण्णा!" देवव्रत ओरडलाच. "शिवलात तुम्ही!"

"तर काय झालं? ती सोवळ्यात आहे," अण्णा म्हणाले. "आज या घरात तिच्याइतकं सोवळ्यात कुणी नाही. शरद, उद्या मला नवा बांबू आणून दे. आणि त्या तारेचं काम ज्याला येतं त्याला करू दे."

"हो, अण्णा," काका पुटपुटले. त्यांच्या शर्टाची बाही काळीकुट्ट झाली होती.

वरून मधुराची हाक आली, "अवनी, बाबा विचारतायत, कुठे आहेस?"

अवनी आईकडे वळली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

"आई, आता शीव!"