दुसरी मुलाखत

१२ डिसेंबर २०२३. मंगळवार, त्यात अमावास्या. संध्याकाळी पावणेआठला धनश्री एक अंगठा घ्यायला डिंडोलीच्या कामगार वस्तीत निघाली. पर्समध्ये एक फॉर्म आणि शाईचं पॅड, एवढंच.

हसू नका रे. ही धनश्री माझ्याच कॉलेजातली. मी तिथे, गुजरातेत, हेडक्लार्क होतो, तिचा रोजचा चहा माझ्या टेबलावर व्हायचा. पोरगी हुशार, पण भारी घाईची. कानात आवाज येणाऱ्या, नसलेलं दिसणाऱ्या तरुण मुलांवर तिचं संशोधन चाललेलं. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मुलाखती घ्यायच्या, आणि दुसरी होईपर्यंत पोटात औषधाची एकही गोळी गेलेली नको. साठ मुलं हवी होती, एकोणसाठ झाली. साठावी चंचल.

चंचल एकोणीस वर्षांची, घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. भिंतीतून तिला कुणीतरी हाक मारायचं. तिची आई, मंगलाबाई, तिला डॉक्टरकडे न्यायला निघालीच होती. धनश्रीने अडवलं.

"पंधरा दिवसांनी काय बिघडतंय, मावशी? मग मीच घेऊन जाते."

शिकलेली ताई सांगतेय म्हणून बाई बिचारी थांबली. बाराव्या दिवशी चंचल खाडीत सापडली.

बातमी कळल्यावर धनश्री रडली, हे खरं. पण रडून झाल्यावर दुसऱ्या मुलाखतीचा फॉर्म तिने स्वतःच भरला. मेलेल्या पोरीची उत्तरं मनानेच लिहिली. आता खाली साक्षीला आईचा अंगठा तेवढा राहिला होता. मला आजही राग येतो तिचा.

गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. मंगलाबाई उंबऱ्यावर बसलेली. धनश्री मनात जुळवून आणलेले सांत्वनाचे चार शब्द बोलणार, तोच बाई म्हणाली, "बरं व्हयनं, ताई, तुम्ही उनात. पोर मझार बठेल शे. तुमनीच वाट देखी राह्यनी."

पोर आत बसलीय, तुमचीच वाट बघतेय म्हणे! दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, धनश्रीला वाटलं. अशा माणसाशी वाद घालायचा नाही, त्याच्या कलाने घ्यायचं, हे तीच दुसऱ्यांना शिकवायची. म्हणून ती आत गेली.

आत दिवा नव्हता.

कोपऱ्यात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. मांडीवर साडी. केसांतून पाणी गळत होतं.

"बसा ना, ताई."

मागे दार लागलं. मागांचा आवाज एकदम बंद झाला...

"तुम्हाला कुणाचा आवाज ऐकू येतो का?"

हा प्रश्न धनश्रीच्याच फॉर्ममधला. पहिला.

"ना... नाही."

भिंतीतून हाक आली. हळू. "धनश्री..."

"आता?"

धनश्री दाराकडे धावली. कडी सापडेना. हाक पुन्हा आली. या वेळी भिंतीतून नाही. कानाच्या आतून.

"चंचल... मला डॉक्टरकडे ने... पाया पडते..."

"पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?"

मग काहीच नाही...

सकाळी दूधवाल्याला ती त्याच दारासमोर सापडली. दाराला बाहेरून कुलूप होतं. मंगलाबाई तर रविवारीच अमळनेरला, गावी निघून गेलेली.

धनश्रीला तिच्या भावाने जळगावला नेलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. काही उपयोग नाही. अंधार पडला की ती भिंतीसमोर बसते आणि कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत राहते. हो... नाही... हो, आत्ताच... तिची आई शेजारी बसून रडते. त्या म्हातारीचं काय चुकलं होतं?

तिची पर्स कॉलेजात माझ्याकडे जमा झाली. उघडली तर आत फॉर्म नव्हता. सरकारी दवाखान्याचा केस पेपर होता, गुजरातीत भरलेला. तिथली केस पेपरची खिडकी दुपारीच बंद होते, मी स्वतः जाऊन विचारून आलो. कागदावर मात्र त्याच रात्रीची वेळ, आठ चाळीस. रुग्णाचं नाव धनश्री, वय सत्तावीस. तक्रार, कानात हाक ऐकू येते. आणि खाली, रुग्णाला घेऊन येणाऱ्या नातेवाइकाच्या जागी, वळणदार अक्षरात सही...

चंचल.