आठ किलोंची खोट

शुक्रवारचे शेवटचे दोन तास पालकांचे. वेळापत्रकात तसं छापलेलंच होतं. पालक मात्र कोणी येत नसत. यायचे ते त्यांचे हात.

इचलकरंजीच्या त्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या मगदूम बाई कपाट उघडायच्या आणि मुलं रांगेनं आपापले मोजे उचलायची. करड्या रंगाचे, कोपरापर्यंत येणारे, आतून मऊ. घातले की आतले शेकडो बारीक ठिपके कातडीला हलकेच ढोसू लागत: आता अंगठा दुमड, आता मनगट फिरव. कुण्या पालकानं तसेच मोजे घालून एकदा काम केलेलं असे, आणि त्याच्या हातांची हरेक हालचाल त्यांत साठलेली असे. या साठवणीला सगळे 'हातठसा' म्हणत. कुणाच्या आईचा भाकरी थापण्याचा हातठसा होता, कुणाच्या आजोबांचा हलगी वाजवण्याचा, हैदर मोमीनच्या दादीचा क्रोशाचा. एरवी वर्ष लागलं असतं ते पोरं महिन्याभरात शिकत होती. भाकरी गोल यायला लागल्या होत्या. निबंध अजून येत नव्हते; त्यांचे मोजे अजून निघायचे होते.

योजना चांगल्या हेतूनं आलेली होती. सभेला, सहलीला, स्नेहसंमेलनाला यायला ज्यांना सुट्टी मिळत नाही, त्यांनी एकदा हातठसा द्यायचा. वर्षभराचा सहभाग जमा. वर्गाच्या भिंतीवर कागदाचं मोठं झाड होतं. ज्याच्या घरून सहभाग आला त्याच्या नावाचं पान हिरवं व्हायचं. दिवाळीपर्यंत सगळं झाड हिरवं झालं, एक पान सोडून. ते स्वरांजली हुपरेचं.

"पप्पा येणार आहेत बाई," ती दर सोमवारी सांगायची. कुठला सोमवार हे सांगायची नाही.

तिचे वडील कल्लाप्पा वहिफणीचं काम करत. मागावरचा सुताचा मोठा रूळ, म्हणजे बीम, संपला की नव्या बीमचे हजारो धागे जुन्या धाग्यांना एकेक करून गाठीनं जोडायचे, म्हणजे वहिफणी. त्याची यंत्रं केव्हाच आली होती, पण जुन्या मागांच्या कारखान्यांत अजून माणूसच बसे. बाईंनी एकदा त्यांना रस्त्यात गाठून मोजे हातात दिले. शाळेतल्या शांत खोलीत बसून हातठसा द्यायचा असा नियम होता. कल्लाप्पा संध्याकाळी येऊन बसलेही, पण हात चालेना.

"आवाज न्हाई बाई," ते ओशाळून म्हणाले. "मागाचा खडखडाट नसला की बोटांस्नी कळतच न्हाई, काय करायचं ते. कारखान्यात बसून करू का?"

नियमात बसत नव्हतं. बाईंनी मोजे नेऊ दिले. तिसऱ्या दिवशी ते भरून परत आले आणि स्वरांजलीचं पान हिरवं झालं. त्या दिवशी तिनं ते तीनदा हात लावून बघितलं.

हातठसा सुरेख होता. दोन धागे चिमटीत यायचे, बोटं काहीतरी पुटपुटल्यासारखी हलायची आणि गाठ पडलेली असायची, तांदळाच्या कणीएवढी. वर्गानं ठरवलं, संमेलनाच्या रंगमंचाला पुढचा पडदा आपणच करायचा. रंगीत जाड सुताचा, नुसत्या गाठींचा. योजना चालवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीलाही हा हातठसा आवडला. चारशे शाळांना पाठवू म्हणाले.

तिसऱ्या शुक्रवारी हैदर ओरडला, "बाई, बघा बघा, आता जाणार!"

आणि बाईंनी पाहिलं. एकतीस मुलं खाली मान घालून गाठी मारत होती. एकाएकी एकतीस डावे हात सुतावरून उठले, बाजूला गेले, हवेत काहीतरी हलकेच ढकलल्यासारखे लांबले, क्षणभर तिथं थांबले आणि परत येऊन कामाला लागले. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा सगळे एकदम.

"स्वरांजलीचे पप्पा माशा हाकलतात!" मागून कोणीतरी म्हणालं.

"मालकाला टाटा करतात!"

वर्ग हसला. बाईंनी डोळे वटारले, पण एका बाकावरचे मोजे तसेच घडी घालून ठेवलेले त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. स्वरांजली गुपचूप उघड्या हातांनी गाठी मारत होती, वेड्यावाकड्या.

"तू का नाही घातलेस गं?"

"टोचतात," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "बाई, ते पुसता येतं का? ते... चुकलेलं?"

मोज्यांच्या कंपनीकडून तन्मय नावाचा तंत्रज्ञ आला. पंचविशीतला, शाळेच्या छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसला. त्याच्या लॅपटॉपवर हिरव्या रेषा उमटल्या.

"खोट आहे," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे शांत खोलीत घेतला असता तर आली नसती."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. अपराध त्यांचाच होता.

"पण गंमत बघा. मला वाटलं अमुक गाठी झाल्या की हात जातो. तसं नाही. गाठी कमी होवोत, जास्त होवोत, हा जातो वेळेवर. बावीसेक सेकंदांनी. आणि ही रेष बघा, दंडाच्या स्नायूची. मोजा फक्त हालचाल टिपत नाही, ताणही टिपतो. ग्लास उचलायच्या आधीच हाताला अंदाज असतो ना, भरलाय की रिकामा? हा हात हवेत जातोय, पण तयारी वजनाची करतोय. झुलणारं काहीतरी. साधारण आठ किलोंचं."

"आठ किलो," बाई म्हणाल्या. "बाचकं असेल सुताचं."

"बाचक्याला इतकं हळू कोण ढकलतं? आणि ढकलून झाल्यावर हात थांबतो, दिसतं ना? ते परत येतंय की नाही, याची वाट बघतो." तन्मयनं मान हलवली. "असो. एका मिनिटात पुसून देतो. समितीला अशी प्रत चालणारच नाही. फक्त ज्यांचा हात त्यांची संमती लागते. अंगठा, समक्ष."

म्हणून पुढच्या शुक्रवारी कल्लाप्पा हुपरे अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत आले. शर्ट इस्त्रीचा, केसांत मात्र कापसाची भुरी राहिलेली. दारातच चपला काढल्या. बाई नको नको म्हणत असताना काढल्या.

"माफ करा बाई. काम तर नीट क्येलतं. तीस वर्षांत धागा सुटला असं कोण म्हणलं न्हाई मला. ह्ये काय झालं ठाव न्हाई." मग लेकीकडं बघून म्हणाले, "पोरं चिडवत्यात व्हय गं?"

स्वरांजलीनं बाकावरचं सूत जवळ ओढून घेतलं. तिला पप्पा शाळेत यायला हवे होते. असे, अंगठा द्यायला, नको होते.

"आधी बघून तर घ्या," बाई म्हणाल्या. "पुसायचं काय ते तुम्हाला ठाऊक असायला हवं."

मुलं कामाला लागली. कल्लाप्पा फळ्याजवळ, लॅपटॉप उघडून बसलेल्या तन्मयशेजारी, उभे राहिले. माणसाला आपला चेहरा आरशात दिसतो, पण काम करतानाचे आपले हात कोणी बाहेरून बघत नाही. एकतीस लहानग्या हातांत स्वतःची बोटं चालताना पाहून ते आधी हसले, लाजून. मग एकतीस डावे हात उठले, बाजूला गेले, लांबले आणि थांबले.

कल्लाप्पांचं हसू तसंच राहून गेलं. हात परत आले. बावीस सेकंदांनी पुन्हा उठले. आता त्यांचा स्वतःचा डावा हातही उठला होता. त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या माणसाकडं बघावं.

"झोळी हाय ही," ते म्हणाले.

"काय?"

"झोळी हो. स्वरा वर्साची बी नव्हती. हिची आई सूतगिरणीत पैल्या पाळीला. घरात कोण न्हाई. मी कारखान्यात न्यायचो. छताच्या अँगलला लुगड्याची झोळी बांधायची, हिला निजवायचं आन् कामाला बसायचं. दोन्ही हात सुतात. झोका थांबला की ही उठायचीच. म्हणून मधनंमधनं..." त्यांनी हवेत हात लांबवला. "वर्सभर. मग ही चालाय लागली, झोळी सोडली. सात वर्सं झाली बाई. सुटली असंल असंच वाटलं मला."

तन्मय लॅपटॉपकडं वळला. आठ किलो. त्यानं उगीचच चष्मा पुसला.

"हुपरे दादा," तो म्हणाला, "नियम सांगतो. पुसलं तर चारशे शाळांत जाईल. न पुसलं तर समिती नाकारणार. मधलं काही नाही."

चारशे शाळा. बाईंना दिसत होतं, कल्लाप्पा आयुष्यात पहिल्यांदा कारखान्याच्या बाहेर कुठं तरी पोचणार होते. त्यांनी अंगठा वर केला, लॅपटॉपजवळ नेला आणि मध्येच थांबले.

"हिला इचारा. चिडवलंय हिला. हिनं सांगावं."

सगळा वर्ग स्वरांजलीकडं बघू लागला. ती उठली, कपाटापाशी गेली, आपले मोजे काढले आणि कोपरापर्यंत ओढून घेतले. तिनं दोन धागे घेतले. एक गाठ पडली, दुसरी पडली, तांदळाच्या कणीसारखी. मग तिचा डावा हात उठला. बाजूला गेला. त्यानं हवेत कशाला तरी अलगद ढकललं, आणि थांबून राहिला, ते परत यायची वाट बघत.

ती कितीतरी वेळ तशीच गाठी मारत राहिली. पाचव्यांदा हात गेला तेव्हा वळून म्हणाली, "मी लई रडायचे का ओ, पप्पा?"

"झोका थांबला की. लगीच भोंगा."

"मग कशाला थांबवताय?"

कल्लाप्पांनी अंगठा खाली घेतला. हैदरनं टाळी वाजवली, आणि का वाजवली ते न कळून आजूबाजूला बघितलं. त्यानंतर कल्लाप्पा लगेच घरी गेले नाहीत. संमेलनाच्या पडद्याच्या खालच्या कडेला बसून त्यांनी स्वतः दोन ओळी मारून दिल्या, मोज्यांशिवाय. वर्गात खडखडाट हवा म्हणून मुलांनी बाकं बडवली.

संमेलनात पडदा छान दिसला. समितीचं पत्र त्यानंतर आठवड्यानं आलं. 'सदर हातठशात अनावश्यक हालचाल आढळल्याने तो संग्रहात घेता येत नाही. शाळास्तरावर वापर चालू ठेवायचा असल्यास सोबतचा तक्ता भरून पाठवावा.'

तक्ता एकाच पानाचा होता. शुक्रवारी शेवटच्या तासाला मगदूम बाई तो भरायला बसल्या. शाळेचं नाव. इयत्ता. पालकाचं नाव. मग रकाना आला: 'हालचालीचा उपयोग'.

पेन थांबलं. समोर हैदर मोज्यांबद्दल तक्रार करत होता, आणि मोजे न घालताच गाठी मारत होता; आता बऱ्याच जणांना मोजे लागत नव्हते. बोटं शिकली होती. आणि मोज्यांशिवायही, कुणाच्या सांगण्याशिवाय, डावे हात मधूनच उठत होते. सगळे एकदम नाही, ज्याचा त्याचा वेगळा. हैदरची धाकटी बहीण अकरा महिन्यांची आहे, आणि ती हल्ली आईपेक्षा त्याच्याकडं लवकर झोपते, हे त्याच्या दादीनं बाईंना परवाच फाटकात सांगितलं होतं. म्हणजे एका हाताचा उपयोग लिहिता आला असता.

पण उरलेले तीस? ही मुलं मोठी होतील, कुठल्या कुठल्या कामांना लागतील. हुपऱ्यांचं नाव विसरतील, हा वर्गही विसरतील. एखाद्या दुपारी काम करता करता डावा हात आपोआप उठेल, आठ किलोंच्या तयारीनं हवेत लांबेल आणि वाट बघत थांबेल. तेव्हा त्याच्या पुढ्यात कोणी असेल का? आणि नसलं, तर तो हात कुणाला शोधायला निघेल?

बाईंनी रकाना कोरा ठेवला, आणि खाली सही केली.