खरा टाकणखार

"ही तुरटी आहे."

वाणीकाकांशी माझी हुज्जत चालली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं. वळून पाहिलं, तर एक तरुण माझ्या हातातल्या पुडीकडे बघत उभा. बोटांची टोकं काळवंडलेली.

"बघून कळतं?"

"बघून संशय येतो. तापवून कळतं. मी सोनार आहे… दागिना सांधायला रोज टाकणखार लागतो."

मी आणि बाबा पुस्तकं बांधतो. वाचनालयाची चाळीस जुनी पुस्तकं शुक्रवारी परत द्यायची होती आणि पिठाच्या खळीला मुंग्या लागल्या होत्या. दोन पुठ्ठे त्यांनी पार पोखरले होते. बाबा तेच दोन पुठ्ठे उलटसुलट बघत बसायचे. साखरेत मिसळून मुंग्यांना घालायला टाकणखार म्हणून आणलेली ही दुसरी पुडी, आणि मुंग्या नुसती साखर खाऊन गुबगुबीत.

समोरच त्याचं दुकान होतं. त्याने कोळशाच्या तुकड्यावर दोन चिमटी ठेवल्या, एक माझ्या पुडीतली, एक त्याच्या डबीतली. फुंकणीने ज्योत त्यांच्यावर फुंकली. माझी फुगली आणि पांढरीच राहिली. त्याची फुगली, मग बसली, आणि तिचा काचेसारखा मणी झाला.

"दिसला फरक?"

मी ज्योतीच्या उजेडात त्याच्या पापण्या बघत होते. "हो," म्हटलं घाईघाईने.

त्याने मला पुडी बांधून दिली. "तिप्पट साखर, कोमट पाणी, त्यात कापूस बुडवा. घरात लहान मूल आहे?"

"भाची. रांगते."

"मग भोकं पाडलेल्या बंद डबीत, तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. आणि दिसल्या की मारू नका. खाऊन घरी जाऊ देत. धीर धरा."

"तोच नाहीये माझ्याकडे."

"दिसतंय ते."

दुसऱ्या दिवशी मुंग्या दुप्पट. मी तावातावाने दुकानात गेले, तर तो हसला… "म्हणजे आवडलंय त्यांना." तिसऱ्या दिवशी तो स्वतःच बघायला आला. आल्यागेल्याला कामाला लावायची बाबांची सवयच. त्यांनी त्याच्या हातात दोरा दिला. तो ताणून धरत होता, मी शिवत होते. बोटाला बोट लागलं, आणि माझा टाका चुकला.

"उसव," बाबा मान वर न करता म्हणाले.

पाचव्या दिवशी एकही मुंगी नव्हती. शुक्रवारी चाळीसच्या चाळीस पुस्तकं गेली.

शनिवारी मी चप्पल घालताना बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुंग्या गेल्या ना आता?"

"गेल्या."

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि दोऱ्याला मेण लावायला घेतलं.

दुकानात तो एका अंगठीवर वाकलेला होता. मला बघून ज्योत बारीक केली. "मुंग्या?"

"गेल्या."

"सगळ्या?" आवाज जरा पडलाच त्याचा. "मी आपला रोज मनात म्हणत होतो… एखादी तरी राहू दे."

मला हसू आलं, आणि का कोण जाणे, डोळेही भरले.

"मग आज काय काम काढलंत?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "काम नसताना येऊन बघावंसं वाटलं… तुम्हाला चालतं का ते."

त्याने अंगठी बाजूला ठेवली. हात फडक्याला पुसले, मग पुन्हा पुसले. स्टुलावरचा पसारा उचलून ते माझ्याकडे सरकवलं.

"बस ना," तो म्हणाला.

मघाचं 'तुम्ही' कुठे गेलं, ते मी विचारलं नाही. बसले.