बदलीचं मत

हेदवीच्या अलीकडे डोंगराला टेकून एक वाडी आहे. पंच्याऐंशी साली तिथल्या मतदारयादीत दीडशे बाप्ये होते आणि प्रत्यक्ष राहत होते साठ. बाकीचे मुंबईला. तरी मतदान दरवेळी भरघोस! मुंबईकराचं मत घरच्याने टाकायचं ही तिथली जुनी चाल. गिरणीत एकाच्या जागी दुसरा उभा राहतो तो बदली, तसं हे बदलीचं मत. दोन्ही पक्षांची माणसं वाडीतलीच. हरकत कोण कुणावर घेणार?

शाईचं काय, असं विचाराल तर त्यालाही इलाज होता. ओल्या काजूचा चीक बोटावर चोळायचा. कातडी भाजते, सोलली जाते आणि शाई तिच्याबरोबर निघते. आग आग होते, पण भावासाठी माणूस तेवढं सोसतो.

त्या मार्चमध्ये विधानसभेचं मतदान होतं. भागोजीने सकाळी शाळेत जाऊन धाकट्या भावाचं, सदूचं मत टाकलं. मग काजूच्या झाडाखाली बसून बोट सोललं, दुपारपर्यंत घरी पडून राहिला, आणि चार वाजता स्वतःचं मत टाकायला पुन्हा शाळेकडे निघाला.

सदू मुंबईला नाही, हे साऱ्या वाडीत एकट्या भागोजीला ठाऊक होतं.

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा सदू गावी आला होता. एकटा जीव, बायको ना पोर. आल्या आल्या म्हणाला, दादा, कलमांच्या बागेतला माझा अर्धा वाटा दे. भागोजीने बारा वर्षं रक्त आटवून ती बाग उभी केली होती. भात कापणीच्या दिवसांत, जुन्या चिऱ्याच्या खाणीजवळ, दोघांचा शब्दाने शब्द वाढला. भागोजीच्या हातात कोयता होता. पहिला घाव सदूने डाव्या हातावर घेतला. अंगठ्याशेजारचं बोट तुटून पाचोळ्यात उडालं. सदू त्या हाताकडे बघतच राहिला, ओरडलाही नाही. दुसरा घाव डोक्यात बसला. तिसऱ्याची गरज नव्हती, पण भागोजीने तिसराही घातला, चौथाही घातला. मग खाणीतल्या खड्ड्यात त्याला लोटून वर चिरे रचले. बोट मात्र सापडलं नाही. वाडीला सांगितलं, सदू पहाटेच्या एसटीने मुंबईला गेला.

म्हणून सदूचं मत पडायलाच हवं होतं. ज्याचं मत पडतं तो जिवंत असतो. एकदा चुकलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, काय रं, सदूचा काय पत्ता? आणि त्या एका प्रश्नातून फासाचा दोर वळला गेला असता.

शाळेच्या पडवीत कुणी नव्हतं. आतला वर्ग उन्हाने तापला होता, पण भागोजीला भिजल्या मातीचा वास आला. चिरा फोडल्यावर त्याच्या पोटातून येतो तसा. चिपळूणहून आलेल्या कारकुनाने चिठ्ठी घेतली, यादीवर बोट फिरवलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"तुमचं मत पडलंय."

"माजं? सकाळी भावाचं... नाय म्हंजे... माजं कसं पडंल?"

"बाराच्या सुमाराला. मला चांगलं आठवतंय. डाव्या हाताला तर्जनी नव्हती. तसं असलं की शेजारच्या बोटाला शाई लावायची, नियम आहे. मीच लावली. बोट गार होतं हो फार."

पक्षाचा माणूस म्हणून धोंडू बाकावर बसला होता. भागोजीचा लहानपणचा सोबती. गडबड नको म्हणून त्याने भागोजीला दंडाला धरून पडवीत आणलं.

"अरं, सदू आला व्हता ना!" धोंडू हसत कुजबुजला. "तुला गावला नाय? म्हनला, दादा नेमी माजा मत टाकतो, आज मी त्याचा टाकतो. मी कशाला आडवू?"

"सदू... तूच बगितलास?"

"ह्या डोळ्यांनी. डोकीला फडका गुंडाळलेला. बोट कुटं गेला विचारला तर म्हनला, हितंच ऱ्हायला, दादाकडं."

भागोजी घराकडे पळत सुटला.

सगुणा, त्याची बायको, घरापुढच्या खळ्यात उभी होती. खळं सकाळीच सारवलेलं, त्यावर ओल्या तांबड्या मातीची पावलं उमटली होती. महिनोन्महिने पाऊस नव्हता.

"तुमी भायेर पडलात नि भावजी येवून गेलं," ती म्हणाली. "जेवा म्हनलं तर नाय म्हनालं. कोयता मागितला नि खाणीवर गेलं. तुमाला निरोप हाय."

"काय...?"

"दादाला सांग, बदली संपली."

पळून जावं, दाभोळ गाठावं, मिळेल त्या होडीत बसावं, असं त्याला वाटलं. खूप वाटलं. पण एक गोष्ट बघितल्याशिवाय त्याला कुठेच जाता येत नव्हतं. सदू खड्ड्यात आहे की नाही?

तो खाणीत उतरला तेव्हा दिवस मावळत होता. चिरे जसेच्या तसे रचलेले होते. त्यांच्यावर शेवाळ होतं, गवत वाळलं होतं. भागोजी हसला, रडला आणि तरीही एकेक चिरा बाजूला करू लागला. सोललेलं बोट दगडावर घासून रक्त गळत होतं. शेवटचा चिरा उचलला. सदू तिथेच होता. कवटीवरच्या तीन खाचा, छातीचा पिंजरा, डावा हात. त्या हाताला चारच बोटांची हाडं, आणि मधल्या बोटाच्या हाडावर जांभळी शाई. भागोजीने हात लावला. शाई ओली होती.

"दादा..." मागून आवाज आला. "हात पुढं कर."

वाडीतल्या माणसांनी ती किंकाळी ऐकली. एक नाही, चार ऐकल्या. मशाली घेऊन माणसं पोचली तेव्हा भागोजी चिऱ्यांवर पालथा पडला होता. डोक्याची शकलं झाली होती. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून तोडलेलं. कोयता बाजूला पडला होता, त्याच्या मुठीवर तांबडी माती.

सकाळी गुहागरहून पोलीस आले. मुंबईला तार गेली. गिरणीतून उत्तर आलं की सदूला संपापासून कुणी पाहिलं नाही. धोंडूने तीन वेळा जबानी दिली आणि तिन्ही वेळा तेच सांगितलं, सदू मत टाकून गेला.

मग खड्ड्यातली हाडं वर काढली. पंचनाम्याला पंच म्हणून धोंडूलाच उभा केला होता. हवालदार एकेक हाड मोजून गोणपाटावर मांडत होता. डावा हात मांडताना तो थांबला आणि धोंडूकडे बघू लागला. हाताला पाच बोटं होती. चार नुसती हाडं, अडीच वर्षं मुरलेली. अंगठ्याशेजारचं पाचवं मांसाचं होतं, ताजं, जागच्या जागी घट्ट बसलेलं. त्याची कातडी काजूच्या चिकाने सोललेली होती.